डाव्या कानाच्या वर

‘सैन्यातून परत आल्यानंतर डोक्याला कधी मार लागला होता?’ डॉक्टर हॉफमननी विचारलं आणि देवांग लगेच म्हणाला, ‘नो.’ एवढंच झालं. डॉक्टरबाईंची बोटं कीबोर्डवर चालली, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, त्यानं त्याचंही उत्तर दिलं. पण खोलीच्या कोपऱ्यात मांडीवर पर्स धरून बसलेल्या शरयूचा उजवा तळहात एकाएकी पोळल्यासारखा झाला. तिनं मूठ मिटली. पाच वर्षांपूर्वीच्या चटक्याचा पट्टा अजून तळहातावर होता, करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत आडवा, गुळगुळीत, चामड्यासारखा. देवांगनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा पस्तिशीचा, सहा फुटी मुलगा तपासणीच्या उंच टेबलावर पाय सोडून बसला होता आणि बोलता बोलता डाव्या हातानं कानावरचे केस खाली ओढत होता. अमेरिकन सैन्यात असताना दर आठवड्याला डोकं भादरून घ्यायचा तो. गेली पाच वर्षं तिथले केस त्यानं आखूड होऊ दिले नव्हते. का, ते त्या खोलीतल्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते कधी उच्चारलं नव्हतं.

डॉक्टरबाई शांतपणे, दोघांना समजेल असं सांगत होत्या. अफगाणिस्तानात गाडीखाली स्फोट होऊन देवांगच्या डोक्याला मार बसला, हे सरकारनं पूर्वीच मान्य केलं होतं. कागदावर त्या मारापुढे ‘सौम्य’ असं लिहिलेलं होतं. आता त्याला येणाऱ्या फिट्स त्याच मारामुळे आल्या, हे सिद्ध करायचं होतं. एकदा भरपाईचा अर्ज करून झाला होता आणि नामंजूरही झाला होता, कारण पहिल्या फिटची नोंद २०१९ च्या नोव्हेंबरातली, म्हणजे सैन्य सोडल्यावर तब्बल साडेसात वर्षांनंतरची होती. एवढी वर्षं मेंदू गप्प बसला आणि मग अचानक बिघडला, हे कुणाला पटणार? ‘त्याच्या आधीचं काहीतरी शोधा,’ त्या म्हणाल्या. ‘दवाखान्याचा कागद, एखादी दुखापत, कुणी पाहिलेलं, काहीही. आणि मधल्या काळात दुसरा कुठला मार लागलेला नाही, हे मला पत्रात लिहावं लागेल. ते खरं असेल तरच माझ्या पत्राला अर्थ आहे.’ शरयूनं मान हलवली. पंचवीस वर्षं तिनं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं होतं. नमुन्यात एक थेंब दुसरं काही मिसळलं तर सगळी तपासणी फेकून द्यावी लागते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

परत येताना गाडी तीच चालवत होती. फिट्स सुरू झाल्यापासून देवांगचं लायसन्स बंद होतं, गोदामातली नोकरीही त्यातच गेली होती. कोलंबसहून डब्लिनच्या घरापर्यंतचा वीस मिनिटांचा रस्ता. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि ती समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत होती, पण तिला दिसत होता तो स्वयंपाकघरातला फ्रिज. नवऱ्याच्या, श्रीरामच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आदल्या दिवशी घरात दहा-बारा माणसं जेवायला होती, आणि सगळे हात धुवायला उठत असताना देवांग जिन्यावरून खाली आला, दाढी वाढलेली, अनवाणी, आणि बापाच्या फोटोसमोर उभा राहून इंग्रजीत मोठ्यानं म्हणाला की हा माणूस मला रॅकेटनं मारायचा, त्या वेळी तुम्ही सगळे इथेच बसून श्रीखंड खात होता. माणसं चपला घालून भराभर निघून गेली. रात्रभर शरयू एकटीच भांडी घासत राहिली आणि सकाळी थालीपीठ लावताना राग बाहेर पडला. देवांग कॉफी घ्यायला आत आला, तेव्हा त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, ‘तिकडेच मेला असतास तर बरं झालं असतं. निदान चार लोकांनी नाव तरी काढलं असतं.’

पुढचं सगळं इतक्या वेगानं झालं, की आठवणीत ते क्रमानं येतच नाही. पाठ फ्रिजवर आदळली. चुंबकाची चित्रं पटापटा खाली पडली. त्याचे दोन्ही अंगठे तिच्या गळ्याच्या खळगीत रुतले होते आणि त्याचा चेहरा इतका जवळ होता, की तो नीट दिसतच नव्हता, नुसते डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत ती कुठेच नव्हती. हे तिनं नंतर स्वतःला शेकडो वेळा सांगितलं होतं, की त्या डोळ्यांत मी नव्हते. पाय जमिनीवरून उचलले गेले. कानांत शिट्टी वाजू लागली, कडेनं काळं पडत आलं, आणि तिचा उजवा हात, जणू तो दुसऱ्याच बाईचा हात होता, शेगडीकडे सरकला. बिडाचा तवा, मिरजेहून आणलेला, सांडशीशिवाय कधी न उचललेला. त्याच्या तापलेल्या कडेवर बोटं मिटली तेव्हा तिला चटका कळलाच नाही. तिनं तो फिरवला. आवाज मोठा नव्हता. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा दबका होता. केस जळाल्याचा वास आला आणि थालीपीठाचा अर्धा गोळा त्याच्या खांद्यावर चिकटून राहिला. गळ्यावरची पकड सुटली. तो खाली बसला, हळूच, भिंतीला टेकून, आणि डाव्या कानाच्या वरून रक्त त्याच्या गळ्यात, टीशर्टात उतरायला लागलं. तिनं आधी शेगडी बंद केली. मग खिडकी लावून घेतली.

खिडकी लावायची सवय जुनी होती. श्रीराम बाहेर फार मऊ माणूस होता, ऑफिसात, मंडळात, सगळीकडे. पण गणितात ‘बी’ ग्रेड आली की तो पोराला बेसमेंटमध्ये घेऊन जायचा, आणि शरयू वर घरभर फिरून एकेक खिडकी लावायची. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले तर काय घ्या? रॅकेटच्या दांड्याचा आवाज जमिनीतून तिच्या तळपायांना कळायचा. चौदा वर्षांचा देवांग ओरडायचा नाही. वर आला की पाणी प्यायचा आणि तिच्याकडे बघायचा. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजचा फॉर्म भरायच्या ऐवजी तो सैन्यात भरती होऊन आला, आणि सही केलेला कागद त्यानं बापाच्या ताटाशेजारी ठेवला. वर्षश्राद्धानंतरच्या त्या सकाळीही तिनं तेच केलं: खिडकी लावली, टॉवेल दाबून धरला, जखमेच्या कडा जुळवून पट्ट्या चिकटवल्या. हॉस्पिटलात गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, कुणीतरी पोलिसांना कळवलं असतं, त्याला नाहीतर तिला घेऊन गेले असते. म्हणून त्या जखमेचा कागद जगात कुठेही नव्हता. गळ्यावरचे व्रण तिनं महिनाभर स्कार्फनं झाकले. संध्याकाळी तो शुद्धीवर असल्यासारखा बोलला तेव्हा म्हणाला, ‘आय डोन्ट रिमेंबर एनीथिंग, आई.’ आणि तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मग तीनच आठवड्यांनी, मागच्या अंगणात पानं ओढता ओढता तो ताठ झाला आणि लाकडासारखा आडवा पडला. तिनं पाहिलेली ती पहिली फिट. त्याचं डोकं विटांच्या कडेवर आपटत होतं, जीभ दातांखाली सापडून तोंडातून लाल फेस येत होता, आणि ती त्याच्या छातीवर अंग टाकून त्याला दाबून धरत होती. झटके थांबले. मग तो अर्धवट जागा झाला, आणि कुठल्या तरी आदिम भीतीनं त्यानं तिला असं भिरकावलं, की तिची दोन हाडं मोडली, एक मनगटाचं, एक बरगडीचं. इमर्जन्सीत तिनं सांगितलं, ओल्या पानांवरून पाय घसरला. तेव्हापासून तिच्या मनात दोन वाक्यं आळीपाळीनं फिरत राहिली. तो त्या सकाळीही आजारीच असेल, तर मी एका आजारी, बेशुद्ध माणसाच्या डोक्यात तवा घातला. आणि तो त्या सकाळपर्यंत धडधाकट असेल, तर हा आजार स्फोटानं दिलेला नाही, तो मी दिला. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, हे लॅबमधल्या बाईला कळत होतं. पण आईच्या पोटात दोन्ही एकदमच राहत होती, आणि दर फिटच्या वेळी, तो जमिनीवर तडफडत असताना, तिला तो दबका आवाज पुन्हा ऐकू यायचा.

पुढचे दोन महिने जेवणाचं टेबल जेवायच्या उपयोगाचं राहिलं नाही. सैन्यातल्या वैद्यकीय नोंदी, स्फोटाच्या दिवसाचा एकपानी अहवाल, प्रत्येक दवाखान्याला कागद मागण्याचे अर्ज. ती फॉर्म भरायची आणि देवांग न वाचता सही करायचा. स्फोटाचा अहवाल तिनं तेव्हा पहिल्यांदा वाचला. चार माणसं गाडीत. चालक जागीच ठार, देवांगच्या शेजारच्याचे दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले, देवांगचं डोकं छतावर आदळून हेल्मेट फुटलं, तो दहा मिनिटं बेशुद्ध. पुढे एक ओळ होती, की शुद्धीवर येताना त्यानं मदतीला आलेल्या सैनिकाचा गळा धरला आणि तिघांनी मिळून त्याला सोडवावं लागलं. तिनं ती ओळ बोटानं झाकली. पेनसिल्वेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, देवांग सैन्यानंतर तीन वर्षं शिकत होता. डिग्री घेतलीच नाही. तिथल्या दवाखान्यातून आलेल्या पाकिटात एकच कामाचा कागद निघाला. सप्टेंबर २०१५. उजवा खांदा निखळला, मागच्या बाजूला. कारण: सायकलवरून पडलो. २०१५. तिनं तारीख तीनदा वाचली. पण खांदा म्हणजे फिट नव्हे.

त्या वर्षी अपार्टमेंटमध्ये देवांगबरोबर यश राहत होता, नागपूरहून एमएस करायला आलेला, आता फ्रीमाँटला नोकरीत. शरयूनं त्याला एकदाच पाहिलं होतं. लाजरा, बारीक, सारखा ‘हो काकू’ म्हणणारा. देवांग फिरायला गेला असताना तिनं व्हिडिओ कॉल लावला. यश आता जाडसर झाला होता. मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. हवापाण्याचं बोलून झाल्यावर तिनं सरळ विचारलं, ‘यश, देवांगचा खांदा निखळला होता ना रे, तेव्हा तू होतास?’

तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. मग म्हणाला, ‘काकू, त्यानं तुम्हाला सांगितलं?’

‘कागदावर लिहिलंय, सायकलवरून पडला.’

‘देवांगकडे सायकल नव्हतीच, काकू.’

तिनं टेबलाची कड धरली. ‘मग?’

‘मी कुणाला सांगणार नाही असं प्रॉमिस केलं होतं. म्हणजे... बघा, मी भात लावत होतो. तो फ्रिजमधून काहीतरी घ्यायला आला आणि एकदम ताठ झाला. मला वाटलं शॉक लागला. मग खाली पडून असा हलायला लागला यार... सॉरी काकू. तोंडातून रक्त. मी घाबरून त्याला मिठी मारून धरून ठेवलं. हलणं थांबलं, आणि मग त्यानं मला उचलून स्टोव्हवर आपटलं.’ यशनं कपाळावरचे केस मागे घेतले. भुवईपासून वर गेलेली पांढरी रेघ स्क्रीनवरही दिसली. ‘सात टाके. घरी सांगितलं कपाटाचं दार लागलं. आणि त्याला काहीच आठवत नव्हतं. माझ्या तोंडावरचं रक्त बघून मलाच विचारतो, हू डिड धिस टु यू?’

‘असं परत कधी झालं?’

‘अजून दोनदा. माझ्या समोर. तो म्हणायचा, डॉक्टरला सांगितलं तर मला कायमचा पेशंट करून टाकतील. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, काकू. मी सांगायला हवं होतं.’ त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. ‘टाक्यांचा फोटो आहे माझ्याकडे, तारखेसकट. मी सगळं लिहून, सही करून पाठवतो. उद्याच पाठवतो.’

फोन ठेवून शरयू लाँड्रीच्या खोलीत गेली आणि ड्रायरला पाठ टेकून जमिनीवर बसली. २०१५. तवा २०१९. चार वर्षं आधी. तिच्या आतली एक मूठ पाच वर्षांनी सुटली आणि ती तोंडावर टॉवेल दाबून रडली, नंतर तिच्या लक्षात आलं की ती हसतही होती. मी दिला नाही. त्याचा आजार मी त्याला दिला नाही. आणि तेवढ्यात दुसरं वाक्य पुढे आलं: म्हणजे त्या सकाळी तो आजारीच होता. त्यानं माझा गळा धरला तो यशला आपटावं तसा, त्या सैनिकाला धरावं तसा. आजारी माणसाला मारल्याचं पाप डोक्यावर राहिलं, पण त्याच्या मोबदल्यात तिला दोन गोष्टी मिळाल्या. तिच्या मुलानं, स्वतः, तिला कधीच हात लावला नव्हता. आणि थालीपीठ थापता थापता ती जे बोलली होती, ते त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं.

दुसऱ्या भेटीत डॉक्टर हॉफमननी कागद उलटसुलट करून पाहिले आणि पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. पडल्यावर खांदा बहुतेक पुढे निखळतो, त्यांनी समजावलं. मागे निखळला तर आम्ही आधी फिटच धरतो. मित्राचं निवेदन, फोटो, तीच तारीख. ‘मला हेच हवं होतं.’ मग त्यांनी पत्राचा मसुदा पडद्यावर आणला आणि वाचू लागल्या. शरयूला आधीच माहीत होतं ते वाक्य येणार. आता गप्प बसायला हरकत नव्हती, हे तिनं गाडीत स्वतःला पटवलं होतं. फिट्स आधीच्या, तव्याचा काही संबंध नाही, कशाला उकरायचं? डॉक्टरबाई वाचत होत्या: ‘सैन्यातून परतल्यावर डोक्याला अन्य कोणतीही इजा झाल्याचं रुग्ण नाकारतो.’

‘हे खरं नाही,’ शरयू इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज लॅबमध्ये आकडे सांगताना यायचा तसा कोरडा होता. ‘मी त्याला मारलं. लोखंडी तव्यानं. ऑक्टोबर २०१९.’

‘आई, डोन्ट.’

ती उठली आणि त्याच्या कानावरचे केस बाजूला करायला तिनं हात पुढे केला. त्यानं तो हात इतक्या जोरात उडवला, की तिची बोटं टेबलाच्या पोलादी कडेवर आपटली. तो उभा राहिला. चाकाच्या स्टुलाला त्यानं लाथ घातली. ते भिंतीवर जाऊन आदळलं, भिंतीचा गिलावा फुटला आणि हातमोज्यांचे खोके खाली विखुरले. दार उघडून तो बाहेर गेला. बाहेर कुणीतरी ‘सर?’ म्हणालं. डॉक्टरबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या, त्यांचा हात फोनवर होता. ‘त्या वेळी तो काय करत होता?’ त्यांनी विचारलं. शरयूनं गळ्याला हात लावला. ‘त्याला फिट आली होती. फिटनंतर तो असं करतो.’ त्यांनी ते टाइप केलं. तुम्ही घरी सुरक्षित आहात का, असंही विचारलं, आणि शरयू हो म्हणाली, त्या बाईच्या नजरेला नजर न देता.

तो गाडीशी होता. गाडीच्या टपावर कपाळ टेकून उभा, दोन्ही हात पसरलेले, पोलीस झडती घेतात तसे. तिची पावलं ऐकून तो तसाच म्हणाला, ‘तू तिला काय सांगितलंस? मला फिट आली होती म्हणून?’

‘आलीच होती.’

‘नव्हती.’

उन्हात तापलेल्या गाड्यांच्या रांगा, कुठेतरी उलट्या जाणाऱ्या ट्रकची पींपीं. ‘तुला काय आठवणार,’ ती म्हणाली, ‘तुला त्या दिवसाचं काहीच...’

‘आय वॉज राइट देअर, आई.’ त्यानं डोकं उचललं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे स्वच्छ होते, भयंकर स्वच्छ. ‘तिकडेच मेला असतास तर बरं झालं असतं.’ तो मराठीत म्हणाला, त्याच्या अमेरिकन त आणि ट मधून, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. ‘निदान चार लोकांनी नाव तरी काढलं असतं. मी ऐकलं. मला तू दिसत होतीस. मी तुला मारणार होतो. आय वॉन्टेड टु.’

शरयूच्या हातात जे उठलं ते रडू नव्हतं. ते इतकं जुनं आणि गरम होतं, की त्या क्षणी तिथे तवा असता तर तिनं तो पुन्हा उचलला असता, आणि या वेळी अर्धवट मारला नसता. पाच वर्षं! पाच वर्षं तिनं स्वतःला आजारी लेकराच्या डोक्यात घाव घालणारी बाई म्हणून जाळून घेतलं होतं. आणि त्याच रागाच्या पोटातून दुसरं काहीतरी वर येत होतं, त्याहून वाईट. त्यानं ते वाक्य ऐकलं होतं. रोज सकाळी तिच्या हातची कॉफी घेताना, तिनं पुढे केलेल्या फॉर्मवर सही करताना, त्याच्या कानात ते होतं.

‘मग बोलला का नाहीस?’ ती कशीबशी म्हणाली.

‘तुला मी सिक असायला हवा होतो.’ त्यानं खांदे उडवले, आणि ते उडवताना उजवा खांदा अर्ध्यावरच थांबला, नेहमी थांबतो तसा. ‘सो आय लेट यू.’

मग शरयूनं किल्ली पर्समध्ये टाकली. ‘आत चल.’

‘व्हॉट फॉर?’

‘त्या बाईनं माझ्या सांगण्यावरून खोटं लिहून घेतलंय. तू ते पुसून दे.’

‘आणि तू काय बोललीस ते?’

‘तेही सांगते,’ ती म्हणाली. ‘इंग्रजीत कसं सांगायचं ते तू मला सांग.’

त्यानं सांगितलं. परत त्या खोलीत, फुटलेल्या गिलाव्यासमोर उभं राहून तिनं ते वाक्य इंग्रजीत म्हटलं, आणि इंग्रजीत ते मराठीपेक्षा लहान आणि अधिक नागडं निघालं. देवांग म्हणाला, त्या वेळी फिट नव्हती, ‘दॅट वन वॉज मी.’ मग डॉक्टरबाईंनी ते प्रकरण फिट्सच्या यादीतून काढलं, तव्याचा मार जसा झाला तसा लिहिला, आणि फिट्स त्याच्या चार वर्षं आधी सुरू झाल्याचे पुरावे त्याच्यापुढे मांडले. एक समाजसेविका येऊन तासभर दोघांशी वेगवेगळी बोलली. दोघांनी एका घरात राहू नये, असं ठरलं. जाताना डॉक्टरबाई शरयूला म्हणाल्या, फिटनंतर हा माणूस हल्ला करत नाही, तो सुटायला बघतो. तुम्ही सगळे त्याला धरता म्हणून तुमची हाडं मोडतात. धरू नका.

देवांग पंधरा दिवसांत कोलंबसला एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये गेला. सामान हलवताना दोघं फारसं बोलली नाहीत. सात महिन्यांनी सरकारचं पत्र आलं. अर्ज मंजूर झाला होता. त्यानं पत्राचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता, आणि तिनंही काही लिहिलं नाही. पण त्या रविवारी ती त्याच्याकडे गेली, आणि मग दर रविवारी जाऊ लागली. तो स्वयंपाक करायचा, वाईट, ती जेवायची. कधी तो बेसमेंटबद्दल विचारायचा, तू वर काय करायचीस म्हणून, आणि ती सांगायची, खिडक्या लावत होते. एकदा ते ऐकून त्यानं ताट सिंकमध्ये फोडलं आणि ती घरी निघून आली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो कांदा चिरत होता आणि सुरी खाली पडल्याचा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं तेव्हा त्याची मान वळत चालली होती. ती धावली, सुरी पायानं लांब सरकवली, खुर्ची ओढून घेतली, त्याच्या डोक्याखाली स्वतःचा स्वेटर सारला आणि मागे झाली. चार हात मागे. जमिनीवर बसली आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले. त्याच्या टाचा फरशीवर वाजत होत्या. जीभ दातांत आली, रक्त हनुवटीवर आलं, घशातून जनावरासारखा आवाज येत होता, आणि तिचं सगळं अंग त्याच्यावर झेपावत होतं, फक्त हात अडकलेले होते. ती घड्याळाकडे बघत राहिली. दोन मिनिटांनी झटके थांबले. मग तो उठायला लागला, डोळे उघडे आणि रिकामे, आणि त्याचे हात हवेत काहीतरी शोधू लागले. त्यांना टेबलाचा पाय सापडला. त्यानं तो दोन्ही मुठींत धरला, पिळला, अंगाशी ओढला. स्क्रू निघाले, लाकूड फाटलं, टेबल एका बाजूनं कोसळून बशा फुटल्या. ती जागची हलली नाही. पाय हातात धरूनच तो भिंतीशी सरकला, धापा टाकत, आणि हळूहळू डोळ्यांत कोणीतरी परत आलं.

त्यानं हातातल्या लाकडाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

‘मी तुला मारलं?’

‘नाही.’

त्यानं कानाच्या वर हात नेला, चाचपून पाहिलं. ‘तू?’

‘नाही.’

त्यानं टेबलाचा पाय बाजूला ठेवला आणि तिथेच कुशीवर वळून डोळे मिटले. फरशीवर त्याच्या तोंडातलं रक्त होतं, फुटलेल्या बशा होत्या, कांदा होता. ते आवरायला शरयू उठली नाही. त्याचा श्वास एकसारखा लागेपर्यंत ती चार हातांवर तशीच बसून राहिली, आणि मुंग्या आलेले हात तिनं एकेक करून मांडीखालून बाहेर काढले.